आग्नेस टीचर आणि पास्कूची बोट

आग्नेस टीचर गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पाचूबंदरच्या नाक्यावर त्यांचा बॅनर लागला. मधोमध फोटो, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या, वरच्या कोपऱ्यात कबुतरं आणि खाली इंग्रजीत, आमच्या लाडक्या टीचर, अशा अर्थाची एक ओळ. त्या ओळीतल्या ‘बिलव्हड’ या शब्दातला शेवटचा ई गळला होता. विरारच्या फुलपाड्याला माझं बॅनर छापायचं दुकान आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो, हा बॅनर माझ्याकडचा नव्हता. गावातल्या उत्साही पोरांनी तो घाईघाईत दुसरीकडून छापून आणला होता.

बॅनरखाली बरीच माणसं उभी होती. जवळजवळ सगळी टीचरांच्या हाताखालून गेलेली. कुणी मासळीच्या धंद्यात, कुणी बँकेत, कुणी अजून बोटीवर. प्रत्येकाची नजर त्या शब्दाशी जाऊन अडखळायची आणि हळूच खाली यायची. शेवटी एक म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणाली, “आता कोन वरडनार रे तुमाला?” ते ऐकलं आणि माझ्या शेजारी उभा असलेला चांगला दांडगा गडी हुंदके देऊन रडायला लागला.

टीचर ओरडायच्या हे खरं. गावातल्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या. बारीक अंगकाठी, इस्त्रीची सुती साडी, खांद्यावर पिन, ऊन असो नसो हातात काळी छत्री आणि अंबाड्यात खोचलेलं लाल बॉलपेन. ते पेन फक्त शाळेपुरतं नव्हतं. चर्चमध्ये मिस्साला जाताना, बाजारात, मयताला, सगळीकडे ते सोबत असायचं. लग्नाची पत्रिका घेऊन कुणी आलं की टीचर त्याला आधी बसवायच्या, कोकमचं सरबत द्यायच्या आणि त्याचा ग्लास रिकामा होईपर्यंत पत्रिकेवर लाल खुणा करून ती त्याच्याच हातात ठेवायच्या. “लग्नाला नक्की येईन. पण ही नीट करून परत आण.” माणूस सरबतही विसरायचा आणि आमंत्रणही. गावातल्या लोकांनी मग शहाणपणा शिकून घेतला. पत्रिका छापायच्या आधीच कच्चा कागद टीचरांकडे जाऊ लागला.

वटारला आमच्या वर्गातल्या एका मुलीचं लग्न होतं. मांडवाच्या कमानीवर फुलांनी ‘वेलकम’ लिहिलेलं, त्यात एल दोन. टीचर छत्री टेकून कमानीबाहेरच उभ्या राहिल्या. मुलीचे वडील धावत आले. “टीचर, आत या ना.”

“येते. पण हे स्वागत दुसऱ्या कुणाचं तरी दिसतंय.”

बिचाऱ्याला काही कळेना. टीचरांनी छत्रीचं टोक कमानीकडे केलं, तेव्हा मंडपवाल्याच्या माणसाने शिडी लावून एका एलची फुलं उपटली आणि टीचर आत शिरल्या. रागीट बाई म्हणावी तर पुढे त्याच लग्नात जुनी गाणी सगळ्यात वरच्या पट्टीत त्यांनीच म्हटली आणि नवरीला मिठी मारून सगळ्यात जास्त रडल्याही त्याच.

पावसाळ्यात एकदा आम्हाला त्या चिंचोटीच्या धबधब्यावर घेऊन गेल्या. वाटेत कुणीतरी धोक्याची पाटी लावली होती. तिच्यावरच्या ‘डेंजर’मध्ये जी ऐवजी जे होता. आम्ही पोरं खदाखदा हसलो. टीचर हसल्या नाहीत. म्हणाल्या, “ज्याला धोका नीट लिहिता येत नाही, त्याने सांगितलेला धोका कोण खरा मानेल? वाचणारा हसेल आणि पाण्यात उतरेल.” मग पेन काढून त्या पाटीकडे गेल्या, पण पाटी पत्र्याची होती. पेन उमटलं नाही. त्या दिवशी त्यांनी आम्हाला कुणालाही पाण्याच्या जवळ जाऊ दिलं नाही आणि परतीच्या वाटेवरही त्या घुश्शातच होत्या.

मी दुकान काढलं तेव्हा टीचर निवृत्त झाल्या होत्या. आशीर्वाद द्यायला म्हणून पाचूबंदरहून विरारला आल्या, खुर्चीवर बसल्या आणि भिंतीवरचे नमुने वाचायला लागल्या. ‘काँग्रॅच्युलेशन’ला शेवटी एस हवा होता, ‘रिसीव्ह’मध्ये आय आणि ई यांची अदलाबदल झाली होती आणि ‘स्टेशनरी’त ई ऐवजी ए पडल्याने वह्या-पेनांऐवजी एका जागी खिळून बसण्याचा अर्थ झाला होता. त्या एकेका बॅनरसमोर जाऊन मान हलवत राहिल्या. शेवटी मीच विचारलं, “टीचर, गिऱ्हाइकाला अर्थ कळतो, माझे पैसे मिळतात. एका अक्षराने तुम्हाला एवढा त्रास का होतो?”

त्यांनी विचार केला. गंमत नव्हे, खरंच विचार केला. मग म्हणाल्या, “भातात खडा लागला तर पोट भरत नाही असं आहे का? भरतं. पण दाताखाली कच्चकन वाजतं आणि मग पुढचा प्रत्येक घास भीत भीत खावा लागतो.” जरा थांबून म्हणाल्या, “आणि नरेश, चुकतं सगळ्यांचंच. मीही चुकते. पण लिहून झाल्यावर माणसाने एकदा मागे वळून बघावं की नाही? चुकीचं स्पेलिंग बघितलं की मला वाटतं, ह्या माणसाने मागे वळून बघितलंच नाही. कुणासाठी लिहिलंय त्याची त्याला पर्वाच नव्हती.”

तेव्हापासून मी मागे वळून बघायला लागलो. माझ्या दुकानाचं जे काही नाव आहे ते त्या खोडीमुळे आहे.

टीचरांनी लग्न केलं नाही. आईबाप लवकर गेले आणि पदरात धाकटा भाऊ आला, पास्कू. त्याला त्यांनी वाढवलं. गावभर ज्यांचा दरारा, त्यांच्या घरात मात्र एक अक्षर धड न लिहिणारा पोरगा. आठवीतच त्याने शाळा सोडली आणि समुद्रावर जायला लागला. टीचरांनी मारलं, उपाशी ठेवलं, मग स्वतःही उपाशी राहिल्या. पास्कू रडला, पण शाळेत गेला नाही. “बाय, मला अक्षरांची भीती वाटते,” तो बहिणीला म्हणायचा, “पान्याची नाय वाटत.” टीचरांचं नेमकं उलट होतं. मासेमाऱ्याच्या घरात जन्मून त्या आयुष्यात कधी बोटीत बसल्या नव्हत्या. धक्क्यावरून पाणी हलताना बघितलं तरी त्यांना गरगरायचं.

भीतीवर त्यांचा एक इलाज होता, तो त्यांनी आम्हालाही दिला होता. शाळेत टोचायला नर्स यायची तेव्हा टीचर रांगेच्या बाजूला उभ्या राहायच्या आणि प्रत्येकाला एक लांबलचक शब्द द्यायच्या. डोळे मिटायचे आणि त्या शब्दाची अक्षरं एकेक करून म्हणायची. “डोक्यात अक्षरं भरली की भीतीला बसायला जागा उरत नाही.” त्यांचा स्वतःचा आवडता शब्द होता ‘अकॉमोडेशन’. सगळं जग त्यात चुकतं. कुणी सी खातं, कुणी एम खातं. टीचर फळ्यावर तो घराच्या आकारात लिहायच्या आणि म्हणायच्या, “मोठं घर आहे रे हे. सी आले दोन, एम आले दोन, कुणाला बाहेर ठेवायचं नाही.”

पास्कू मोठा झाला, जसिंताशी त्याचं लग्न झालं, शेजारीच दोन खोल्या वाढवल्या. दोन घरांच्या मध्ये मागचं एकच दार, ते दिवसभर उघडं. जसिंता बोलायला तिखट, हाताने सढळ. ताज्या मासळीतला पहिला वाटा त्या दारातून टीचरांकडे जायचा आणि टीचरांकडून जसिंताच्या मुलीची शाळेची वही तपासून परत यायची. आणि भावाबहिणीचं बोलणं? ते मोबाईलवर. बोट सुटताना, रेंज जायच्या आत, पास्कू रोज बहिणीला इंग्रजीत ‘गुड मॉर्निंग’ पाठवायचा आणि रोज त्यात एक चूक करायचा. कधी ओ जास्त, कधी एन जास्त, कधी जी गायब. टीचर उत्तरात फक्त बरोबर शब्द लिहून पाठवायच्या. ना कसा आहेस, ना सांभाळून जा. जसिंता हसून सांगायची, “मुद्दाम चुकतो ओ तो. बायने वरडलं नाय तर म्हने त्याला मासली गावत नाय.”

मग पास्कूने स्वतःची बोट केली. आईच्या आठवणीत तिचं नाव ठेवलं ‘मदर्स ब्लेसिंग’ आणि पुढच्या बाजूला निळ्या रंगावर लाल अक्षरांत ते स्वतःच रंगवलं. ‘ब्लेसिंग’ला दोन एस लागतात. पास्कूने एकच काढला.

टीचरांना हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. आमच्याकडे मोसम सुरू होताना फादर किनाऱ्यावर येतात, प्रार्थना म्हणतात आणि बोटींवर पवित्र पाणी शिंपडतात. आम्ही हिंदू लोक नारळ फोडतो. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी पाळतात. नावावर एकदा पाणी पडलं की त्या नावाला हात लावायचा नाही. रंग उडाला तर त्याच अक्षरांवरून ब्रश फिरवायचा, बस. समुद्र बोटीला नावाने ओळखतो, अशी समजूत. टीचर फादरांच्या मागेच उभ्या होत्या. पाणी शिंपडून झालं, लोक बाजूला झाले आणि त्यांना ते नाव दिसलं.

दोन वर्षं त्यांनी सोसलं. त्यांच्या खिडकीतून धक्का दिसायचा आणि धक्क्याला ती बोट. “आईच्या नावात चूक,” त्या मला म्हणायच्या, “रोज सकाळी डोळे उघडले की तीच.” तिसऱ्या पावसाळ्यात बोटी वर ओढून ठेवलेल्या असताना टीचर एक दिवस स्टूल, ब्रश आणि लाल रंगाचा डबा घेऊन किनाऱ्यावर गेल्या. जसिंताने हात धरला. “बाय, पानी पडलंय त्या नावावर. नको ना.”

“मी नाव बदलत नाही, जसिंता. बरोबर करतेय. बरोबर केल्याने कधी कुणाचं वाईट झालंय?”

पास्कू वाळूत बसून जाळं विणत होता. तो हसला. “आयचा आशीर्वाद एका एसने कमी व्हतो काय गो? कर, कर. तुज्या जीवाला तरी शांती पडंल.”

दोन अक्षरांच्या मध्ये जागा नव्हती. दोन माणसांच्या बाकावर तिसऱ्याने अंग चोरून बसावं तसा तो एस टीचरांनी तिथे बसवला. बावतीस तांडेल, म्हणजे पास्कूच्या बोटीचा मुख्य खलाशी, सगळं बघत होता. त्याने खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि निघून गेला.

त्याच हिवाळ्यात पास्कू गेला. वादळ नाही, वारा नाही, समुद्र अगदी गप्प, दिवसाची वेळ. जाळ्याची दोरी अडकली म्हणून तो बोटीच्या मागच्या टोकाला गेला. बावतीस सुकाणूवर होता. बाकीचे पुढे बघत होते. कुणीतरी वळून हाक मारली तेव्हा मागे कुणीच नव्हतं. अर्नाळ्यापर्यंतच्या बोटी शोधायला गेल्या. पास्कू मिळाला नाही, शेवटपर्यंत नाही. ‘मदर्स ब्लेसिंग’ मात्र धड परत आली. नावातला नवा एस इतर अक्षरांपेक्षा जास्त लाल दिसत होता.

त्या सकाळीही पास्कूचा ‘गुड मॉर्निंग’ आला होता, डी खाऊन. टीचरांनी नेहमीसारखा बरोबर शब्द पाठवला होता. पुढे कधीतरी त्यांनी मला फोन दाखवला. त्यांच्या उत्तराखाली एकच बारीक खूण होती. दुसरी उमटलीच नव्हती. “पोचलं नाही त्याला,” त्या म्हणाल्या. मी फोन परत दिला.

पास्कूच्या श्रद्धांजलीचा बॅनर माझ्याकडे छापायचा होता. टीचर स्वतः आल्या. अंबाड्यात पेन नव्हतं. मी पडद्यावर मजकूर लावला आणि घाईत पास्कूच्याच नावात एक अक्षर मागेपुढे झालं. सवयीने मी त्यांच्याकडे बघत थांबलो. त्यांनी तो शब्द वाचला. मला स्पष्ट दिसलं, त्यांची नजर तिथे थांबली. मग त्या म्हणाल्या, “असू दे. चालेल.” एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून ‘चालेल’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. त्या गेल्यावर मी अक्षर जागेवर आणलं आणि सगळा मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचला.

गावात कुणी त्यांना एका शब्दाने बोललं नाही. कुणीतरी तोंडावर बोललं असतं तर बरं झालं असतं, टीचर उसळून भांडल्या असत्या. लोक फक्त गप्प व्हायचे. त्या धक्क्यावर आल्या की बोलणं थांबायचं आणि त्या गेल्या की पुन्हा सुरू व्हायचं. टीचरांनी दुरुस्त करणं सोडलं. पाट्या, पत्रिका, फळे, सगळ्यांसमोरून त्या छत्री टेकत मुकाट जायच्या. पूर्वी ज्या लाल खुणांच्या नावाने आम्ही पोटभर शिव्या घातल्या होत्या, त्यांच्यावाचून गावाला चुकल्यासारखं झालं. भाजीवाल्याने म्हणे एकदा मुद्दाम ‘टोमॅटो’ चुकीचा लिहून ठेवला. टीचरांनी अर्धा किलो घेतले आणि पिशवी सावरत निघून गेल्या. भाजीवाला दिवसभर खिन्न होता.

जसिंताही भांडली नाही. तिने मधलं दार लावून घेतलं, एवढंच. पलीकडून मीठ-मसाल्याचा वास यायचा, लेकीचा आवाज यायचा, पण दार उघडायचं नाही. जगात आपलं म्हणून टीचरांचं जे काही होतं ते त्या दारापलीकडे होतं.

आणि बोट तशीच पडून होती. बोट समुद्रावर गेली तर जसिंताच्या घरात चूल, नाहीतर नाही. पण खलाशी मिळेना. बावतीस म्हणायचा, पाठ दुखते. दुसरा म्हणायचा, गुजरातला चाललोय. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. नाव बदललेली बोट. भरतीला ती उगाच तरंगायची, ओहोटीला चिखलात कलंडून बसायची. नवा मोसम तोंडावर आला. एक दिवस कुठूनसा एक माणूस आला आणि बोटीच्या फळ्यांवर टिचक्या मारून बघायला लागला. त्याला इंजिन हवं होतं, बाकी लाकूड जाळायला. टीचरांनी हे खिडकीतून बघितलं.

संध्याकाळी मला फोन आला. “नरेश, तुझ्याकडे रंग खरवडायची पत्री आहे का? उद्या सकाळी घेऊन ये.”

मी गेलो तेव्हा ओहोटी होती. टीचर साडी वर खोचून चिखलात स्टुलावर उभ्या होत्या. पत्री माझ्या हातून घेतली आणि त्या एसवर चालवायला सुरुवात केली. मी म्हटलं, “टीचर, द्या, मी करतो.” त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. धक्क्याच्या कठड्यावर हळूहळू माणसं जमली. ज्या बाईने अख्ख्या गावाला हात पुढे करायला लावून स्पेलिंगं पाठ करून घेतली, ती सगळ्यांच्या देखत आपल्या हाताने बरोबर शब्द चुकीचा करत होती. कुणी हसलं नाही. कुणाला बघवतही नव्हतं. एस गेला, त्यावर त्यांनी निळा रंग फिरवला, खाली उतरल्या आणि कठड्यावर बसलेल्या बावतीसकडे बघितलं.

“बावतीस, मी मानत नाही हे. एका अक्षराने माणूस जात नाही. पण तुम्ही मानता ना? मग हे घ्या. आता जाल?”

बावतीस पायांकडे बघत राहिला. “नाव पुसलं, टीचर. पन भीती नाय ना पुसता येत.”

“माझीही नाही येत,” टीचर म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “मला वर चढव.”

मला आधी कळलंच नाही. त्यांनी छत्री मिटून माझ्या हातात दिली. मी आणि आणखी एकाने त्यांना शिडीवरून बोटीत चढवलं. चिखलात बसलेली बोट, तरी फळीवरचा प्रत्येक पाय त्या आधी चाचपून मगच ठेवत होत्या. मधल्या फळीवर ताठ बसून त्यांनी कठड्याकडे तोंड केलं आणि वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, “भरती आली की ही तरंगेल. ज्याला चालवायची त्याने यावं. कुणी नाही आलं तर मी इथेच बसते. काय व्हायचं ते आधी मला होऊ दे.”

ऊन चढलं. लोक पांगले नाहीत. पाणी चिखलावरून सरकत सरकत आलं, बोटीच्या बुडाला लागलं, मग कडेकडेने चढायला लागलं. पहिल्यांदा बोट हलली तेव्हा टीचरांनी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली. चेहरा पांढरा पडला होता. कुणीतरी ओरडलं, “टीचर, उतरा आता!” त्यांनी ऐकलंच नाही.

तेवढ्यात घरांच्या बाजूने जसिंता येताना दिसली. भराभर चालत, हातातलं काम टाकून आलेली, कोपरापर्यंत मासळीचे खवले. ती कठड्याशी थांबली नाही. तशीच पाण्यात शिरली. कमरेएवढ्या पाण्यातून बोटीशी पोचली, हात टाकून वर चढली आणि ओल्या लुगड्याने टीचरांच्या समोर उभी राहिली. आम्हाला वाटलं, आता बोलेल, इतक्या महिन्यांचं सगळं बाहेर काढेल. जसिंताने नुसतं त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “सरक बाय.”

टीचर सरकल्या. जसिंता बाजूला बसली.

मग बावतीस उठला. टॉवेल डोक्याला गुंडाळून पाण्यात उतरला. त्याच्या मागे एक आला, मग आणखी दोघं. इंजिनने दोनदा खोकून दम धरला.

ती बोट आजही जाते, तेच चारजण आणि तीच एका एसची ‘मदर्स ब्लेसिंग’. मधलं दार नंतर कधी लागलं नाही, आणि शेवटच्या आजारात टीचरांचं सगळं जसिंतानेच केलं. मी दुकानाच्या गडबडीत भेटायला जाऊ शकलो नाही, आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता तो बॅनरच बघायला लागला. त्यामुळे माझ्यासाठी टीचर त्या बोटीतच राहिल्यात.

बोट वळून खाडीच्या तोंडाकडे निघाली तेव्हा त्यांचा चेहरा आमच्या बाजूला आला. पाठ ताठ, डोळे गच्च मिटलेले, एक हात फळीवर, दुसरा जसिंताने आपल्या दोन्ही हातांत धरलेला. ओठ सारखे हलत होते. कठड्यावरच्या बायका एकमेकींना म्हणाल्या, टीचर प्रार्थना म्हनतात बघ. मी त्यांची छत्री धरून उभा होतो आणि त्या ओठांसोबत माझेही हलायला लागले होते. ए, डबल सी, ओ, डबल एम, ओ...